गुंडाळीतला एक मीटर

थंडी पडली की आमच्या गल्लीत सकाळी पाणी शिंपडल्याचा आवाज येतो. अंगणात नव्हे, घरात. ज्यांच्याकडे अजून माग आहेत ती माणसं मागाभोवतीची जमीन ओली करतात. जानेवारीतली सोलापूरची हवा इतकी कोरडी की ओठ फुटावेत तसं सूत तुटतं. जमिनीतून थोडी ओल वर आली की ते जरा नरम राहतं. लहानपणापासून हा आवाज ऐकत आलो आहे आणि माझ्यापुरता त्याचा अर्थ एकच होता. हुरडा आला. मंगळवेढ्याकडची कोवळी कणसं, निखाऱ्यांच्या आरातून काढलेली, तळहातावर चोळायची, फुंकर मारून कूस उडवायचं आणि शेंगाचटणीबरोबर दाणे तोंडात टाकायचे. तळहात लाल व्हायचे, पण थांबायला कुणी तयार नसायचं.

यंदा पाण्याचा आवाज आला आणि हुरड्याऐवजी नरसक्का डोळ्यांसमोर आली. खरं तर तिला आठवावं लागावं इतकी ती लांब राहत नाही. आमच्या गच्चीवरून तिचं दार दिसतं. गेलं वर्षभर मी गच्चीवर गेलो तरी त्या बाजूच्या कठड्याशी उभा राहत नाही.

नरसक्का, म्हणजे नरसम्मा, साठीच्या पुढची. तेलुगू विणकराच्या घरातली. नवरा हातमागावर साड्या विणायचा, तो गेल्याला बरीच वर्षं झाली. मुलगा पुण्याला कंपनीत. ती विड्या वळते. पुढच्या खोलीत नवऱ्याचा माग तसाच आहे, जमिनीत खड्डा असतो आणि विणणारा खड्ड्यात पाय सोडून बसतो तसला. त्या खड्ड्यावर तिने फळ्या टाकल्या होत्या आणि फळ्यांवर विडीच्या पानांच्या टोपल्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटावं, खाली जमीनच आहे.

मी भूमापक आहे. शेतजमिनी मोजतो. सांगोल्याच्या माळावर, उजनीच्या काठच्या उसात, जिथे दोन भावांचं किंवा दोन शेजाऱ्यांचं पटत नाही तिथे आम्हाला बोलावतात. त्यामुळे नरसक्का मला मोजणीसाहेब म्हणते. हे नाव देताना ती मान देते की चेष्टा करते, हे मला कधीच नक्की सांगता आलेलं नाही.

गेल्या वर्षी याच दिवसांत माझी पुतणी अनघा तीन परदेशी बायकांना घेऊन आमच्या घरी आली. अनघा बार्शीच्या माझ्या थोरल्या भावाची मुलगी. कापडाचं शिक्षण घेतलेली, विणते, शिकवते. या तिघीही आपापल्या देशात विणणाऱ्या. कुठल्याशा शिबिरात यांची ओळख झाली आणि ठरलं की एकाच मागावर, उभ्या धाग्यांच्या एकाच ताण्यावर, सगळ्यांनी मिळून एक कापड विणायचं. प्रत्येकीने मीटरभर. मधे कुठेही कापायचं नाही. मग ते कापड आधी सोलापुरात आणि पुढे एकेकीच्या देशात प्रदर्शनात लावायचं. आमच्या वरच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. माग नरसक्काचा ठरला.

ते दिवस आमच्या घरात फार गोड गेले. ही गोष्ट आता लिहिताना अडचणीची वाटते, पण खोटी नाही.

गुलनोरा उझबेकिस्तानची. जाड भुवयांची, हसरी, सूत आधी बांधून मग रंगवणारी. पहिल्या दिवशी तिने माझ्या बायकोला, शोभाला, खुणा करून सांगितलं की सब्जी हवी. शोभाने भरल्या वांग्याचं पातेलं पुढे ठेवलं. तिच्याकडे गाजराला सब्जी म्हणतात, हे कळेपर्यंत तिने तीन वांगी संपवली होती. मर्सेदेस पेरूची, बुटकी आणि अबोल. तिचा स्वतःचा छोटा माग तिच्या कमरेला बांधलेला असे. त्याचं दुसरं टोक ती आमच्या जिन्याच्या कठड्याला अडकवायची आणि विणत बसायची. जिन्यातून वर जायचं तर तिच्या धाग्यांखालून वाकून जावं लागे. आणि आयनो फिनलंडची. आम्ही कानटोप्या घालून चहाच्या कपाला हात शेकत असायचो आणि ती गच्चीवर अर्ध्या बाह्यांत उभी राहून म्हणायची, काय छान उन्हाळा आहे.

"हिला थंडीच वाजत न्हाय व्हय?" नरसक्का विचारायची. "हिच्या आईनं हिला बरफात वाढीवली जनू."

मागावरच्या फळ्या काढल्या तो दिवस मला आठवतो. खड्ड्यात सुताच्या जुन्या कांड्या निघाल्या, एक तुटका कंगवा, नवऱ्याचा तंबाखूचा डबा. नरसक्काने डबा उघडून वास घेतला आणि म्हणाली, "ह्येंचा रोजचा न्हाय. ह्यो माज्यापून लपवलेला." सगळ्या हसल्या. काय बोलली ते तिघींना कळलं नव्हतं, तरी हसल्या.

नवा ताणा चढवला की आमच्याकडे हळदकुंकू वाहतात, नारळ फोडतात आणि घरातलं वडील माणूस पहिला धागा घालतं. अनघा म्हणाली, पहिला धागाच का, पहिला मीटरच नरसक्का विणेल. माग तिचा, मान तिचा. नरसक्का नको नको म्हणाली. मग एक गोष्ट कळली, जी मला इतक्या वर्षांच्या शेजारात माहीत नव्हती. ती या मागावर कधी बसलीच नव्हती. तिच्या घरात बायका सूत उकलायच्या, कांड्या भरायच्या, धागे सांधायच्या. खड्ड्यात पुरुष बसायचा.

"जनमभर कांड्या मी भरल्या," ती म्हणाली, "आनि साडी कुनाची, तर ह्येंची. बाजारात कुनी म्हनलं न्हाय की नरसम्माची कांडी लई ग्वाड भरलीया."

मग लुगडं सावरून ती खड्ड्यात उतरली.

तिला जमत नव्हतं. आडवा धागा नेणारा धोटा मधेच अडकायचा, काठ आत ओढला जायचा. हाताशी टेप असल्यावर मोजल्याशिवाय मला राहवत नाही. मी रोज संध्याकाळी कापडाचा पन्हा मोजायचो आणि सांगायचो, आज इतका आत गेला. त्यावर तिचं ठरलेलं उत्तर असे, "शेजाऱ्यानं बांध कोरला आसंल, साहेब. नोटीस काढा." तिने रंग निवडले विडीच्या पानाचे. ओल्या पानाचा हिरवा आणि वाळलेल्या पानाचा तपकिरी. मधून एक बारीक लाल रेघ, विडीला गुंडाळतात त्या दोऱ्याची. सुरुवातीचा वीतभर भाग वेडावाकडा आहे. पुढे पुढे हात बसत गेला. शेवटी शेवटी ती धोटा टाकताना तोंडाने गुणगुणायला लागली, तेव्हा अनघाने मला कोपराने डिवचलं होतं.

तिचा मीटर संपला त्या दिवशी तिने तेलंगणातल्या धाकट्या बहिणीला फोन लावला. आमच्या सगळ्यांसमोर. मला तेलुगू बोलता येत नाही, पण या गल्लीत वाढलो म्हणून कळतं. बहीण पलीकडून हसत होती. तू? मागावर? काहीतरीच. नरसक्का म्हणाली, प्रदर्शन आहे. ये आणि डोळ्याने बघ. सुनेला घेऊन ये, नातीला घेऊन ये.

मागावर कापड पुढे सरकतं तसं विणलेलं कापड पुढच्या रुळावर गुंडाळलं जातं. जे आधी विणलं ते सगळ्यात आत. तिच्यानंतर गुलनोरा बसली. तिचा भाग निळा आणि डाळिंबी, रंग एकमेकांत पाझरलेले, लांबूनही नजर खेचणारा. मग मर्सेदेस, मग आयनो. शेवटी अनघा. एकीचं संपून दुसरीचं सुरू व्हायचं तिथे दोघी शेजारी बसायच्या, आणि तेवढा चार बोटांचा भाग दोघींच्या हातचा आहे. खोलीत कांजीचा, ओल्या जमिनीचा आणि तंबाखूचा मिळून एक वास असायचा. दारातून ऊन आत यायचं आणि ताण्यावर पसरायचं. मी कामावरून येताना गाडी घरी लावायच्या आधी तिथे डोकावायचो. गड्ड्याच्या जत्रेला सगळ्यांना घेऊन गेलो. पाळण्यात मर्सेदेस ओरडली, तेव्हा तिला आवाज आहे हे आम्हाला प्रथम कळलं.

प्रदर्शनाची जागा एका ग्रंथालयाचा हॉल होती. दोन्ही बाजूंच्या भिंतींना खिडक्या आणि कपाटं, त्यामुळे आडवं लावायला जागा नव्हती. मोकळी भिंत एकच, मंचामागची. अनघाला कापड उभंच हवं होतं आणि नरसक्काच्या मागाचा जो सागवानी रूळ होता, त्याच रुळावरून खाली सोडायचं होतं. रूळ छताच्या हुकांना टांगायचा. मोजायचं काम अर्थातच माझं.

मी मोजलं. दोनदा मोजलं. कापड पाच मीटर. हुकापासून मंचापर्यंत चार मीटर आणि थोडंसं. उरलेलं कापड जमिनीवर पसरता आलं असतं, पण हळदकुंकू वाहिलेल्या कापडावर लोकांचे पाय पडतील म्हणून ते कुणालाच चालणार नव्हतं. म्हणजे एक मीटर वर रुळावरच राहणार. गुंडाळलेला.

कुठला मीटर ते सांगायला वेगळं गणित नको होतं.

अनघा तेव्हा हॉलच्या दुसऱ्या टोकाला दिवे लावणाऱ्या माणसाशी भांडत होती. तिने तिथूनच विचारलं, "काका, बसतंय का?"

"चार मीटर बसतंय," मी म्हणालो. "एक मीटर वर राहील."

"चालेल. गुंडाळी छान दिसते," ती म्हणाली आणि पुन्हा दिव्यांकडे वळली.

मी शिडीवरून उतरलो आणि एका कागदावर व्यवस्थित आकृती काढली. रूळ कुठे, हुक किती अंतरावर, कापड कुठून सोडायचं. सगळे आकडे बरोबर होते. आजही बरोबर आहेत.

आमच्या खात्यात एक नियम आहे. जमीन मोजायची तर आजूबाजूच्या प्रत्येक खातेदाराला आधी नोटीस द्यावी लागते. तो हजर राहो न राहो, त्याला कळलं पाहिजे. लगतच्या माणसाला न कळवता केलेली मोजणी कितीही अचूक असली तरी धरत नाहीत. नव्या मुलांना मी हे सांगतो. खूण कुठे पडणार ते आधी दोघांच्या तोंडावर सांगायचं, मग दगड रोवायचा. दगड रोवून झाल्यावर सांगणं म्हणजे सांगणं नव्हे. हे मी कितीतरी बांधांवर उभं राहून बोललो आहे, उन्हात, दोन्ही बाजूंच्या शिव्या खात.

नरसक्काचं घर हॉलपासून चालत जाण्याइतकं जवळ होतं.

उद्घाटनाला ती नव्या इरकलीत आली. बरोबर बहीण, बहिणीची सून, शाळकरी नात. रात्रभर रेल्वेत बसून आल्या होत्या आणि आंघोळी करून, गजरे माळून थेट हॉलवर. माझा भाऊ आणि वहिनीही बार्शीहून आले होते आणि पहिल्या रांगेत बसले होते. कापड सुंदर दिसत होतं. वर सागवानी रुळाची जाड गुंडाळी आणि तिच्यातून खाली उतरलेलं निळं-डाळिंबी, मग मर्सेदेसचे डोंगरासारखे त्रिकोण, आयनोचा पांढरा-करडा आणि तळाशी, डोळ्यांच्या बरोबर समोर, अनघाचा हळदीचा पिवळा.

नरसक्का कापडाजवळ गेली. खालून वर बघितलं. परत वरून खाली. मग मला शोधलं.

"साहेब, माजं कुटं हाय?"

"वर आहे," मी म्हणालो.

तिने वर बघितलं. गुंडाळीकडे. ती विणकराच्या घरातली, तिला पुढे काही सांगायची गरज नव्हती. माझ्याकडे तिने बघितलं नाही. तेवढ्यात बहीण मागून आली आणि तेलुगूत विचारलं, कुठलं गं तुझं? नात मोबाईल घेऊन तयार होती.

नरसक्काने हात वर केला आणि निळ्या-डाळिंबी भागाकडे बोट दाखवलं. "इदि नादि," ती म्हणाली. हे माझं.

गुलनोरा शेजारीच उभी होती. तिला भाषा कळली नाही, पण बोट कळलं, आणि नरसक्काचा चेहरा कळला. तिने नरसक्काच्या खांद्यावर हात ठेवला आणि बहिणीकडे बघून मान हलवली. हो, हिचंच. बहिणीच्या तोंडावरचं हसू गेलं. ती त्या रंगांकडे बघतच राहिली. मग तिने नरसक्काचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. नातीने फोटो काढला.

मी तीन हातांवर उभा होतो. "अहो, आक्का, हे तुमचं नाही," असं कोण म्हणणार होतं? मी नाही.

संध्याकाळी अनघाने विचारलं, "काका, नरसक्काला वाईट नाही ना वाटलं? तिचा भाग आत गेला. माझ्या लक्षातच आलं नाही हो, ती आल्यावर डोक्यात प्रकाश पडला."

"ती तसं काही म्हणाली नाही," मी सांगितलं.

हे अक्षरशः खरं होतं. अक्षरशः खरं बोलायची मला सवय आहे. पंचनाम्यात तेवढंच लागतं.

पाहुण्या गेल्या. वरच्या खोल्यांत काही दिवस लोकरीचे तंतू सापडत राहिले. उन्हाळा आला, अंगण तापलं, लोक गच्चीवर झोपायला लागले. नरसक्काने शोभाला नेहमीसारखं लोणचं पाठवलं. मला रस्त्यात भेटली की नेहमीसारखं, "काय मोजणीसाहेब, आज कुनाचा बांध?" तिच्या वागण्यात तसूभर फरक नव्हता. मी मोजत होतो ना, म्हणून सांगतो. तसूभरही नाही. त्यामुळे जास्त जड जायचं. एखाद्याने बांधावर शिवी दिली तर काम संपवून घरी येता येतं.

शोभाला मी सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "तुम्ही मला सांगून काय उपयोग? मी काय त्या रुळात आहे?"

उन्हाळ्यातच गुलनोराच्या शहरात प्रदर्शन झालं. अनघाने फोटो पाठवले. केवढा तो हॉल! छत इतकं उंच की आमच्या ग्रंथालयावर दुसरं ग्रंथालय बसावं. पाच मीटर काय, दहा मीटर कापड सरळ सोडता आलं असतं. आणि तरीही वर गुंडाळी होती. खाली जमिनीपासून कापडापर्यंत माणूसभर मोकळी जागा आणि वर एक मीटर गुंडाळलेला. का, तर कापडाबरोबर माझी आकृती गेली होती. त्यांनी ती काटेकोरपणे पाळली होती. त्यांना वाटलं, कलाकारांची हीच इच्छा असणार. अनघाने खाली लिहिलं होतं, "लोकांना गुंडाळी फार आवडली! म्हणतात, अजून काही उलगडायचं बाकी आहे असं वाटतं. काका, क्रेडिट तुमचं." त्यानंतर मर्सेदेसच्या गावीही तसंच लागलं. गुंडाळी आता त्या कामाचाच भाग झाली होती.

मी तो मेसेज शोभाला वाचून दाखवला नाही.

हॉल बुटका होता म्हणून नरसक्का आत गेली, हा माझा आधार होता. तो उंच हॉल बघितल्यावर आधार गेला. मग उरलं ते एवढंच. त्या दिवशी शिडीवर असताना मला दुसरी गोष्ट सुचली होती. कापड पूर्ण उलगडायचं आणि उलट्या टोकाने रुळावर गुंडाळायचं. तासाभराचं काम. मग नरसक्काचा भाग खाली आला असता, डोळ्यांसमोर. आणि आत गेला असता शेवटचा मीटर. हळदीचा पिवळा. गुंडाळी टोकालाच होते, मधल्यांना धोका नसतो. म्हणजे प्रश्न दोघींतला होता, आणि त्यातली एक माझी पुतणी होती, आणि माझा भाऊ पहिल्या रांगेत बसणार होता. हे सगळं मी शिडीच्या वरच्या पायरीवर उभा राहून जाणलं आणि मग खाली उतरून आकृती काढली. नात्यातल्या माणसाची जमीन असेल तर आम्ही मोजणीला जात नाही. दुसऱ्याला पाठवतो. इथे दुसरा कुणी नव्हता असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं.

यंदा पहिल्यांदा पाण्याचा आवाज आला त्याच आठवड्यात अनघाचा फोन आला. कापड आता आयनोच्या गावी चाललं होतं.

"काका, तुमचीच आकृती परत पाठवू ना? त्यांनी मागितलीय."

"नको," मी म्हणालो. "उलटं लावायला सांग. शेवटचं टोक आत, पहिलं खाली."

"मग माझा भाग आत जाईल."

"हो."

"हरकत नाही हो. पण एक विचारू? हे तेव्हाच सुचलं नव्हतं का?"

"सुचलं होतं."

फोनवर तिच्या मागे रहदारीचा आवाज येत होता.

"तुझे आईबाबा यायचे होते," मी म्हणालो.

"काका, मला विचारायचं होतंत. मी हो म्हणाले असते."

"माहीत होतं. म्हणूनच विचारलं नाही."

ती म्हणाली, उलटं लावायला सांगते. आवाज नेहमीपेक्षा एक पायरी खाली होता. पुतणी आहे, चढेल परत कधीतरी.

या वेळी मी नियम पाळायचं ठरवलं. दगड रोवायच्या आधी खातेदाराला कळवायचं. रविवारी दुपारी नरसक्काकडे गेलो. ती दारात उन्हाला बसून, मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. मागाच्या खड्ड्यावर परत फळ्या आल्या होत्या, फळ्यांवर टोपल्या. मी उंबऱ्यावर बसलो आणि सांगितलं की आता तिचा भाग बाहेर येणार. खाली, सगळ्यांना दिसेल असा.

तिचा हात थांबला. मला वाटलं ती खूश होईल.

"कोन बगनार?" तिने विचारलं.

"तिकडचे लोक. आयनोच्या गावचे."

"माजी भैन?"

"ती कशी बघेल? लांब आहे ते."

"मोबाईलवर. तिची नात समदं बगतीया. त्या पोरींचं पान का काय असतंय, त्ये रोज बगतीया." तिने सूप बाजूला ठेवलं. "साहेब, बहिनीच्या घरात भितीवर त्यो फोटो हाय. मोठा करून, काच लावून. निळा-लाल. येईल त्या पावन्याला दावतीया, माज्या अक्कानं इनलंय म्हून. तिच्या सुनंच्या माहेरची मानसं बगून गेली. आता ह्ये हिरवं माजं म्हून कसं सांगू?"

"थांबवू का?" मी विचारलं. "अनघाला सांगतो, होतं तसंच ठेव म्हणून."

तिने एक पान कातरलं, तंबाखू भरला, वळलं, लाल दोरा गुंडाळला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमी मोजलं तवाच ठाव हुतं का तुमाला?"

"हो."

"तवा येक शब्द बोलला आसता तर मी तिला बलवलंच नसतं."

एवढंच. आवाज चढलेला नव्हता. गेलं वर्षभर मी समजत होतो की तिचं काम दिसलं नाही हे माझ्याकडून झालेलं नुकसान. तेवढंच नव्हतं ते. बहिणीपुढे जन्मभर सांभाळायचं एक खोटं मी तिच्या पदरात टाकलं होतं, आणि आता ते काढून घ्यायला निघालो होतो तर त्याबरोबर तिची अब्रू निघत होती. मी उठायला लागलो.

"बसा," ती म्हणाली. "च्या टाकते." कप माझ्या हातात देताना म्हणाली, "तिकडं लावू दे माजं. तिकडं मला कोन वळखतंय? सोलापुरात परत आनलं तर मातूर आत ठिवा. आनि अनगाला सांगा, पानावर टाकायचं न्हाय."

अनघाला तसं सांगितलं. तिने कारण विचारलं नाही. फोटो फक्त माझ्या एकट्याच्या फोनवर पाठवला.

परवा तो घेऊन गेलो. बाहेर बर्फ पडत असावा, खिडक्या पांढऱ्या दिसत होत्या. वर गुंडाळी, तिच्यात अनघा. खाली, नजरेच्या उंचीवर, हिरवा आणि तपकिरी. समोर जाड कोट घातलेली एक म्हातारी बाई वाकून, जवळजवळ नाक लावून, त्या लाल रेघेकडे बघत होती.

नरसक्काने फोन दोन्ही हातांत घेतला. फोटो बोटांनी मोठा केला. काठावर गेली. "हितं बगा. आत वडला गेलाय. तुमी मोजलावता त्यो." मग सरकत सरकत त्या बाईवर आली. "ही येवडं काय बगतीया?"

"तुमचं काम."

"सुरवातीचं लई वाकडं हाय," ती म्हणाली. पण फोटो काही खाली ठेवला नाही. पुढच्या भागावर गेली, जिथे हात बसला होता. तिथे बराच वेळ थांबली. गल्लीत कुणाचा तरी माग चालू होता. ती ओठ मिटून नाकातल्या नाकात काहीतरी गुणगुणत होती, बहुतेक तिच्याही लक्षात नसावं.

मग फोन माझ्यापुढे धरला. "पुसा आता ह्यो."

"राहू दे माझ्याकडे. कुणाला दाखवणार नाही."

"तुमच्याकडं नगो," ती म्हणाली. "पुसा."

मी बटण दाबलं. फोनने विचारलं, नक्की पुसायचा का. माझं बोट अडलं. मी आजवर एकही मोजणी पुसलेली नाही, चुकलेलीही नाही, रेघ मारून बाजूला ठेवतो. नरसक्काने हात लांब करून स्वतःच दाबलं. काचेवर तंबाखूची पूड लागली. ती तिने पदराने पुसली आणि सूप परत मांडीवर ओढलं.